चूल, धूर आणि काटकसर

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा 'कोणत्या विषयावर?' या माझ्या प्रश्नाला 'पर्यावरण' असे एका शब्दाचे उत्तर मिळाले. उत्तर ऐकून मी थोडा बिचकलो. मी शास्त्रज्ञ नव्हे. बी. ए.ला इतिहास हा माझा विषय होता आणि त्यानंतरची तीसएक वर्षे केंद्र सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत टिपणे लिहिण्यात आणि तपासण्यात गेली. वितळणाऱ्या हिमनद्यांविषयी मी अधिकारवाणीने काय सांगणार? मात्र २०२१ मध्ये ग्लासगो येथील जागतिक परिषदेत आणि पुढे २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेतील केवडिया येथे आपल्या देशाने 'पर्यावरणपूरक जीवनशैली'चा जो पुरस्कार केला, त्यात एक गोष्ट माझ्या ओळखीची होती. सामान्य माणसाने रोजच्या व्यवहारात केलेली बारीकसारीक निवड देशाच्या हिशेबात धरली पाहिजे, ही ती गोष्ट. तिचा इतिहास पाहावयाचा तर फार दूर जावे लागत नाही. घरातील एका कोपऱ्यात, चुलीपाशी जावे लागते. त्यातही आपण ज्या शहरात येऊन राहिलो, त्या कलकत्त्यात या इतिहासाची काही महत्त्वाची पाने लिहिली गेली आहेत.

मी प्रथम बदलीवर येथे आलो तो डिसेंबर महिन्यात. हावड्याला उतरलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती आणि गल्ल्यांवर एक करडा थर जमिनीपासून पुरुषभर उंचीवर स्थिर तरंगत होता. धुके म्हणावे तर डोळे चुरचुरत होते. तो उनुनचा धूर होता. बंगाली घरातील ही मातीची किंवा बादलीला आतून माती थापून केलेली कोळशाची शेगडी पेटवून रस्त्यावर आणून ठेवण्याची आणि धूर निवळला की आत नेण्याची पद्धत तेव्हा अनेक वस्त्यांतून चालू होती. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व जड असते, वरची उबदार. त्यामुळे धूर वर चढू शकत नाही आणि संध्याकाळचा सारा स्वयंपाक शहराच्या छातीवर बसून राहतो. राणीगंजचा कोळसा जवळ, लाकूड महाग, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातच कलकत्त्याची चूल कोळशावर गेली. गरिबाघरी त्या कोळशाची धूळही वाया जात नसे. चिखलात कालवून तिचे गोळे वळत आणि गच्चीवर वाळवत. त्यांना 'गुल' म्हणतात. आपल्याकडील गोवऱ्यांची ही कोळशाची बहीण.

या शहराच्या धुराकडे सरकारचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. इंग्लंडमधील लीड्सहून फ्रेडरिक ग्रोव्हर नावाच्या धूरतज्ज्ञाला येथे पाचारण करण्यात आले आणि १९०५ मध्ये 'बंगाल धूर-उपद्रव कायदा' संमत झाला. आपल्या मुंबईचा तसाच कायदा १९१२चा. गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून किती काळा धूर किती वेळ निघतो हे निरीक्षक पाहू लागले, नोटिसा निघू लागल्या, भट्ट्यांच्या रचनेत सुधारणा झाल्या. परंतु या कायद्यात भट्टीची व्याख्या करताना दोन गोष्टी वगळल्या होत्या : प्रेतदहनाची चिता आणि खाजगी घरातील चूल. वगळण्याचे कारण समजण्यासारखे आहे. परक्या सरकारला लोकांच्या स्मशानात आणि स्वयंपाकघरात शिरण्याचे धाडस नव्हते, आणि ते नसलेलेच बरे. पण परिणाम असा झाला की कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबला आणि उंबरठ्याच्या आत जी बाई त्या धुरात दिवसाचे चार-पाच तास बसत होती, तिचा प्रश्न पुढची पाऊणशे वर्षे कोणाच्याच कागदावर आला नाही.

योगायोग असा की, त्याच १९०५ साली याच शहरातील चुलींनी आपले सामर्थ्य एका वेगळ्या रीतीने दाखविले. १६ ऑक्टोबर रोजी वंगभंग अमलात आला. त्या दिवशी, रामेंद्रसुंदर त्रिवेदी यांच्या सूचनेनुसार, बंगालमध्ये 'अरंधन' पाळण्यात आले. घरोघरी चूल पेटली नाही. ही कल्पना बंगाली गृहिणीला नवी नव्हती. भाद्रपदाच्या अखेरीस आदल्या दिवशीचे शिजवलेले खाण्याचे अरंधनाचे व्रत येथे पूर्वापार आहे. आपल्याकडील शिळासप्तमीचेच हे भावंड. सांगावयाचे ते इतकेच की, आज चूल पेटवावी की न पेटवावी ही घरगुती गोष्टही सार्वजनिक अर्थ धारण करू शकते, हे बंगालने तेव्हा ओळखले. परदेशी कापड, साखर, मीठ यांविषयीच्या निवडीतून स्वदेशीची चळवळ उभी राहिली, आणि त्या चळवळीला आर्थिक विचाराची बैठक देणाऱ्या बंगाली ग्रंथांत एका मराठी कुळातील लेखकाचा ग्रंथ होता हे येथील मराठी मंडळींनी विसरू नये. सखाराम गणेश देउस्कर यांचा 'देशेर कथा' हा तो ग्रंथ, १९०४ सालचा. सरकारने पुढे तो जप्त केला.

पाच वर्षांनी, १९१० मध्ये, इंधन वाचविणारे एक घरगुती यंत्र याच शहरात जन्माला आले. इंदुमाधव मल्लिक हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक, वकील आणि डॉक्टरही. एका माणसात इतक्या विद्या मावत असत असा तो काळ होता. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात एकाच चुलीवर मातीची मडकी एकावर एक रचून महाप्रसाद शिजवितात. त्यावरून त्यांना आपल्या कुकरची कल्पना सुचली असे सांगतात. हाच तो 'इकमिक कुकर'. पितळेचा उभट डबा, आत एकावर एक बसणारी भांडी, तळाशी थोडे पाणी आणि त्याखाली मूठ-दोन मूठ कोळशाची लहानशी शेगडी. खालच्या भांड्यात डाळ, वर भात, त्याच्या वर भाजी किंवा मासळी. निखारे फुलवून झाकण लावावे आणि आपल्या कामाला निघून जावे. कोळसे मंदपणे जळून विझत आणि वाफेवर सगळे जेवण तयार होई. करपणे नाही, उतू जाणे नाही, आणि राखण करीत बसणे नाही. एकाकी राहणारे कारकून, विद्यार्थी, फिरतीवरचे अधिकारी यांच्या सामानात हा कुकर असे. बंगालबाहेरही तो पुष्कळ गेला. माझ्या आजोळी माळ्यावर एक होता. आजोबा रेव्हेन्यू खात्यात होते आणि फिरतीवर जाताना तो शिपायाच्या डोक्यावर चढे. 'इकमिक' हे इंग्रजी नाव आहे की बंगाली, असा प्रश्न आम्हा मुलांना पडे. आजोबांच्या मते तो कानडी शब्द होता.

आपल्या मराठी चुलीनेही काटकसरीचे शिक्षण कोणा तज्ज्ञाकडून घेतलेले नाही. जुन्या चुलीला शेजारी जोडलेला वैल असे. मुख्य चुलीवर भात किंवा भाकरी, आणि तिथून पुढे सरकलेल्या आचेवर, वैलावर, आमटी मुरत असे किंवा दूध तापत असे. त्यासाठी वेगळे सरपण लागत नसे. भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवावयाची. निखारे विझत आले की त्यात वांगे किंवा कांदा पुरावयाचा, आणि शेवटी उरलेली राख भांडी घासण्याला. शहरात आलेल्या मध्यमवर्गाने लाकडाच्या वखारीतील भुसा वापरला. शेगडीत मधोमध बाटली उभी करून सभोवती भुसा घट्ट ठासावयाचा आणि बाटली अलगद काढून घ्यावयाची. जो पोकळ नळा राही त्यातून तास-दीड तास सावकाश जाळ चाले. ही भुशाची शेगडी ठासण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असे, आणि भुसा सैल राहिल्यास मध्येच कोसळून सारा स्वयंपाक धुरात बुडे. त्या वेळची बोलणी अजून कानांत आहेत.

मात्र या परंपरेचे गोडवे गाताना धूर विसरता कामा नये. माझी आजी आयुष्यात कधी विडीच्या धुराजवळ गेली नाही. तरीही उतारवयात तिला जो दमा लागला, तो पाहून तालुक्याच्या डॉक्टरांनी 'या तंबाखू ओढतात काय?' असे आजोबांना विचारले होते. आजी ते ऐकून हसली होती. आम्हालाही तेव्हा तो विनोद वाटला.

चुलीकडे प्रथम विचारपूर्वक पाहिले ते वर्ध्याने. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्यावर सोपविली. निसर्गातील जे साठे वापरले की संपतात त्यांवर उभे राहिलेले अर्थकारण आणि जे पुन्हा भरून येते त्यावर उभे राहिलेले अर्थकारण, असा भेद कुमारप्पांनी चाळीसच्या दशकात केला. आज विद्यापीठांतून जे शिकवितात त्याचा गाभा त्यात आला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगनचूल' निघाली. आतून वाट काढलेली, दोन-तीन भांडी एकाच जाळावर बसतील अशी, आणि धूर धुराड्यातून छपराबाहेर नेणारी. कोकणात कणकवलीजवळ अप्पा पटवर्धनांनी गोपुरी येथे मैला आणि शेण यांपासून खत व गॅस मिळविण्याचे प्रयोग केले. ज्या कामाला समाज हात लावीत नव्हता ते काम त्यांनी स्वतःच्या हाताने केले, याची किंमत गॅसच्या घनफुटांत मोजता येणार नाही.

गोबर गॅसची हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस मिळवून दिवे लावले गेले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेणावर प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' हे संयंत्र तयार केले आणि साठच्या दशकात खादी-ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. युक्ती सुंदर होती. शेण जाळले की शेताचे खत राखेत जाते. तेच टाकीत कुजविले तर जळण मिळते आणि खतही शिल्लक राहते. पण टाकीला रोज चार-पाच जनावरांचे शेण, बादल्या भरून पाणी आणि ते कालविणारे हात लागतात. ज्याच्या दावणीला एकच म्हैस आहे आणि ज्याच्या घरची बाई दोन मैलांवरून पाणी आणते, त्याला त्याचा काय उपयोग? जेथे गोठा होता तेथे गॅस टिकला. इतरत्र टाक्या कोरड्या पडल्या.

शहरांची कथा निराळी. कलकत्त्यात ओरिएंटल गॅस कंपनीचा कोळशाचा गॅस १८५७ पासून रस्त्यांवर जळत होता, काही थोड्या घरांत स्वयंपाकालाही येत होता. सिलिंडरमधील गॅस मुंबईत बर्मा शेलने पंचावन्न सालच्या सुमारास आणला, आणि इंडेनची पहिली जोडणी दिली गेली ती २२ ऑक्टोबर १९६५ रोजी, कलकत्त्यातच. १९५९ पासून देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले होते. तरी सामान्य घराचा आधार रॉकेलच होता. अशात ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव तीन महिन्यांत १२ डॉलरांच्या जवळ गेला. आपले मंडळ स्थापन झाले ते याच टंचाईच्या दिवसांत. संस्थापक मंडळींपैकी एक आजोबा आजही गणेशोत्सवात सांगतात की, पहिल्या वर्षीच्या महाप्रसादाच्या वेळी वर्गणीच्या यादीत रुपयांच्या शेजारी 'रॉकेल' असा वेगळा रकाना होता, आणि ज्याने दोन लिटर दिले त्याला पहिल्या पंगतीत मान मिळाला.

टंचाईतून दोन चांगल्या गोष्टी निघाल्या. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने 'नूतन' हा वातीचा स्टोव्ह तयार केला. तेवढ्याच रॉकेलमध्ये अधिक काम करणारा, पंप न मारता चालणारा आणि स्वस्त. दुसरी गोष्ट म्हणजे १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था. तिने गृहिणींसाठी ज्या सूचना प्रसृत केल्या त्या आता सर्वांना पाठ आहेत : झाकण ठेवा, डाळ-तांदूळ भिजवा, पाणी बेताचे घ्या, उकळी फुटताच आच कमी करा, आधी सगळी तयारी करून मग स्टोव्ह पेटवा. माझी आई हे वाचून म्हणाली होती, 'हे सांगायला सरकारला माणसं ठेवावी लागतात?' तिचे म्हणणे रास्त होते. तरी या साध्या सूचनांमागे जे पदार्थविज्ञान आहे ते मला पुष्कळ उशिरा कळले, म्हणून येथे मांडतो.

एक लिटर साधे पाणी उकळीला आणण्यासाठी जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी पूर्ण वाफ होऊन जाण्यास लागते. उकळी फुटल्यावर पाण्याचे तपमान शंभर अंशांपुढे चढत नाही. मग ज्योत कितीही मोठी ठेवा, डाळ लवकर शिजत नाही. जादा इंधनाने केवळ पाणी वाफ होऊन खिडकीबाहेर जाते. झाकण ती वाफ अडविते. प्रेशर कुकर ती कोंडून तपमान १२० अंशांच्या आसपास नेतो, म्हणून त्यात वेळ कमी लागतो. इकमिक कुकर याच्या अगदी उलट वाटेने जातो. त्याला घाई नसते. तो थोडीच उष्णता घेतो, पण घेतलेली बाहेर जाऊ देत नाही.

आमच्या घरी सिलिंडरवर खडूने तारीख लिहिण्याची पत्नीची जुनी सवय आहे. काही वर्षांपूर्वी मी या विषयाच्या नादी लागलो आणि वरील सातपटीचे गणित मोठ्या उत्साहाने तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'अहो, चहाचं आधण तुम्हीच उघडं ठेवता.' त्यानंतर चहा माझ्याकडे आला आणि झाकणही. आमचा सिलिंडर पूर्वी महिनाभर जाई, आता पाच आठवडे सहज जातो. एक किलो गॅस जळला की हवेतील प्राणवायू घेऊन सुमारे ३ किलो कर्बद्विप्राणिल वायू तयार होतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमागे हा वायू ४२ किलोंच्या आसपास भरतो. वर्षाकाठी दोन सिलिंडर वाचले तर ८४ किलो. एका कुटुंबाच्या मानाने ही रक्कम लहान नाही, आणि त्यासाठी आम्हाला काहीही सोडावे लागलेले नाही.

आता ज्या प्रकरणाविषयी मला संकोच वाटतो त्याकडे वळतो. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतील खेड्यांत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावर लहानसे मापक लावून ती किती धूर श्वासाबरोबर घेते हे त्यांनी मोजले. शहरातील धुराड्यांवर जे निर्बंध घातले जात होते, त्याहून कितीतरी अधिक धूर या बायका घरात बसून घेत होत्या. १९०५ च्या कायद्याने उंबरठ्यावर सोडून दिलेली मोजणी अखेर आत आली होती. कार्यक्रमाचा हेतू उत्तम होता. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात ३ कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या कार्यालयात होतो तेथे या चुलींचे तिमाही तक्ते येत. किती चुलींचे लक्ष्य होते, किती बसविल्या, किती टक्के साध्य झाले. माझे काम बेरीज तपासण्याचे आणि 'प्रगती समाधानकारक' असे टिपण वर पाठविण्याचे. बसविलेली चूल पेटते का, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. नसलेला रकाना मला खटकला असे आता सांगितले तर ते खोटे होईल. मला तो खटकला नव्हता.

त्याच सुमारास दिवाळीला सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो. घरात सुधारित चूल आली होती. सिमेंटचे धुराडे छपरातून बाहेर काढलेले, चुलीला शेणाचे नीट पोतेरे. मला आपल्याच खात्याचे काम पाहिल्याचा आनंद झाला. मी काकूला विचारले, 'काय काकू, धूर गेला ना?' ती म्हणाली, 'गेला की. तिच्यावर मी दिवा लावते संध्याकाळी.' स्वयंपाक ती परसात तीन दगडांवर करीत होती.

मी कारण विचारले, तेव्हा तिने जे सांगितले ते मी कोणत्याही अहवालात तोवर वाचले नव्हते. नव्या चुलीचे तोंड अरुंद. तिला बोटभर जाडीच्या काटक्या हव्यात. 'तुझे काका जी लाकडं आणतात ती फोडायची कुणी?' भाकरी फुगवायला निखारे पुढे ओढावेत तर तोंडाशी जागा नाही. वैलाचे भोक कंपनीच्या पातेल्याच्या मापाचे. तिचे पितळी भगुणे त्यात निम्मे उतरे आणि अडके. धुराडे पहिल्याच पावसाळ्यात काजळीने बुजले. ते साफ कसे करावयाचे हे बसविणाऱ्याने सांगितले नव्हते आणि तो पुन्हा आला नाही. 'अन् मला कुणी इचारलं न्हाई, बाळ. आला, माती कालवली, फोटू काढला आन् गेला.'

सुट्टी संपवून मी परत गेलो. त्या तिमाहीच्या तक्त्यात काकूच्या चुलीचा आकडा होताच. बेरीज बरोबर होती. मी टिपण पाठविले.

सर्वत्र असेच झाले असे मी म्हणणार नाही. जेथे बसविणाऱ्या कारागीर बायकाच होत्या, जेथे भांड्यांची मापे आधी घेतली गेली, तेथे त्या चुली वर्षानुवर्षे चालल्या, आणि महाराष्ट्रातही अशी गावे होती. पण प्रेशर कुकर आणि नूतन स्टोव्ह यांचा प्रसार का झाला आणि मगनचुलीच्या या सरकारी नातवंडांचा का झाला नाही, याचे उत्तर मला काकूच्या त्या चार वाक्यांत सापडते. कुकर बाईने स्वतः पैसे देऊन, पारखून, शेजारणीला विचारून घेतला. चूल तिला 'दिली' गेली.

पुढची हकीकत वाचकांना ठाऊक आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि दहा कोटींहून अधिक कुटुंबांत गॅसची जोडणी गेली. काकूच्या सुनेकडेही ती आहे. तीन दगड तरी अजून परसात आहेत, कारण दुसरा सिलिंडर भरून आणावयाचा तर पैसे रोख मोजावे लागतात आणि बांधावरची काटकी फुकट मिळते. आंघोळीच्या बंबाला काटकी, भाकरीला काटकी, चहाला आणि पाहुण्यांना गॅस, अशी वाटणी तिने करून टाकली आहे. शिवाय आपण जाळतो त्यातील निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो. तेव्हा ज्वलन निर्धूर झाले म्हणून काटकसरीचा विषय मिटला, असे होत नाही.

या इतिहासात मला सर्वांत आनंद देणारे पान पुण्याचे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे (महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव) यांनी स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा तयार केला. त्यासाठी संस्थेला २००२ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला, आणि खरकट्या अन्नावर व पिठूळ पदार्थांवर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये तोच पुरस्कार पुन्हा मिळाला. याच संस्थेने 'सराई कुकर' काढला. बाहेरून उभट डबा, आत एकावर एक भांडी, तळाशी थोडे पाणी, त्याखाली सुमारे शंभर ग्रॅम कांडीकोळसा, आणि चार-पाच माणसांचे जेवण. ते चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला माळ्यावरचा आजोबांचा डबा आठवला. इंदुमाधव मल्लिकांचा कुकर शंभर वर्षांची फेरी करून उसाच्या फडात पोहोचला होता.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरील वृद्ध माशीमांकडे त्यांच्या सासऱ्यांचा इकमिक कुकर आहे असे कळले. त्यांनी तो काढून दिला. चिंच लावून घासल्यावर पितळ उजळले. झाकणाची एक कडी तेवढी तुटलेली होती. एका रविवारी सकाळी पत्नीने खालच्या भांड्यात तुरीची डाळ, वर तांदूळ, त्यावर बटाटे ठेवले. मी गच्चीवर कोळसे फुलविले, ते खालच्या शेगडीत ठेवले, डब्यावर झाकण लावले आणि आम्ही दोघे मंडळाच्या बैठकीला निघून गेलो. बैठक नेहमीप्रमाणे लांबली. अडीच तासांनी येऊन उघडले, तेव्हा कोळशांची पांढरी राख झाली होती. भात मोकळा झाला होता, बटाटे मऊ होते. डाळ मात्र बोटाने चेपेना.

माशीमा जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी चमच्याने दोन दाणे उचलून पाहिले आणि आमच्याकडे करुणेने पाहत म्हणाल्या की, हा कुकर मसुरीच्या डाळीसाठी केलेला आहे. तुम्हाला अरहरच हवी असेल तर ती रात्री भिजत घालायला हवी होती.